चार शिटांच्या कोपऱ्यावरचा घाट

निर्मळचा घाट आणि त्याच्या पायथ्याचा मुलूख नकाशावर सलग पाहायचा म्हटला, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या चार शिटा जमिनीवर पसरून एकमेकींना जोडाव्या लागतात. नांदेड ५६ ई मध्ये, धर्माबाद ५६ एफ मध्ये, निर्मळ ५६ आय मध्ये आणि निजामाबाद ५६ जे मध्ये. १९ अंश उत्तर अक्षवृत्त आणि ७८ अंश पूर्व रेखावृत्त एकमेकांना छेदतात ती जागा मुधोळ-भैंशाच्या बाजूला पडते आणि चारही शिटांचे कोपरे तिथेच मिळतात. हे कुणी मुद्दाम केलेले नाही. देशभराची आखणी अंशाअंशाने झाली, त्यात आमचा मुलूख कातरीखाली आला. पण परिणाम असा, की धर्माबादहून भैंशामार्गे निर्मळला जाणाऱ्या माणसाचा एवढासा रस्ता एका कागदावर कधी आलाच नाही. जिल्ह्याचा नकाशा घ्या, तो सीमेवर थांबतो. राज्याचा घ्या, पलीकडचे पांढरे. तालुक्याच्या नकाशाची तर गोष्टच नको.

या पुस्तकात गोळा केलेले नकाशे या कोपऱ्याचे आहेत. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला पैनगंगा, आणि मधे तो डोंगर. शाळेच्या भूगोलात हिंगोलीचे डोंगर, मुदखेडचे डोंगर, निर्मळ डोंगर अशी नावे ओळीने पाठ करून घेतात आणि परीक्षा झाली की विसरायला लावतात. उंचीच्या हिशेबाने पाहिले तर सह्याद्रीपुढे हा डोंगर काहीच नाही. पण उंचीवरून घाटाची अवघडाई ठरत नाही. माहूरपासून किनवट, इस्लापूर, बोथ, निर्मळपर्यंतचा पट्टा नाल्यांनी इतका चिरलेला आहे, की सरळ रेषेत चालणारा माणूस दर कोस-दीड कोसाला एकदा खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. त्यात जंगल, त्यात पावसाळ्यातला चिखल, आणि जुन्या काळी त्यात ताप.

अवघडाईचे दुसरे कारण जमिनीखाली आहे. दख्खनचा काळा पाषाण नांदेड जिल्ह्याच्या पूर्व अंगाला संपत येतो. देगलूर, बिलोली, किनवटच्या बाजूला त्याच्याखालचा ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म वर डोके काढतात. धर्माबादहून बिलोली-देगलूरकडे निघालात तर शेतात मधेच एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे दिसतात. ते दगड कुठल्या राक्षसाने टाकले याच्या गोष्टी लहानपणी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. काळ्या पाषाणाचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि वर सपाट होतो. ग्रॅनाइटचा डोंगर एकटा उभा राहतो, त्याला ना पायरी ना माळ. नकाशावर हा फरक लगेच उमटतो. एका बाजूला समोच्चरेषा गठ्ठ्याने, समांतर धावतात, दुसऱ्या बाजूला सुटी सुटी वर्तुळे पडतात. दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पाहायला मिळाव्यात असे मुलूख महाराष्ट्रात थोडे आहेत.

नवख्या वाचकासाठी थोडी तोंडओळख करून देतो. ज्याला बोलताना आपण टोपोशीट म्हणतो, त्या नकाशात जमिनीचा चढउतार मापाने दाखवलेला असतो. हेच त्याचे वेगळेपण. भूमी अभिलेखातला गावनकाशा शेताच्या हद्दी दाखवतो. कोणाचा गट कुठे संपतो ते त्यात कळते, पण त्या गटातून पाणी कुठल्या अंगाला जाईल ते कळत नाही. टोपोशीट मालकाचे नाव सांगत नाही, पाण्याची वाट सांगते. जुनी इंची शीट म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर एक इंच, म्हणजेच एकास ६३,३६०. आजची त्याच जागेची शीट एकास ५०,००० या मापाची असते आणि तिच्यावर साधारणपणे दर २० मीटर उंचीला एक समोच्चरेषा काढलेली असते. प्रत्येक अंश-शिटेचे सोळा तुकडे पाडतात. धर्माबादचा तुकडा ५६ एफ/१३. त्याच एका तुकड्यावर धर्माबाद आहे, बासरचे सरस्वतीचे देऊळ आहे आणि वरच्या कडेला मुधोळही आहे. आज या तीन गावांपैकी एक महाराष्ट्रात, दोन तेलंगणात. शिटेला त्याचे सोयरसुतक नाही.

नकाशे येण्यापूर्वी या वाटांची नोंद यादीच्या रूपात होती. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले माहूर सरकार येते, त्याखाली महालांची आणि वसुलाची जंत्री येते, डोंगर मात्र कुठे नाही. फ्रेंच प्रवासी थेवनो १६६७ मध्ये औरंगाबादहून नांदेड, इंदूर (आजचे निजामाबाद) असा मुक्काम करत गोवळकोंड्याला गेला. त्याच्यासारख्यांच्या रोजनिशीत मुलूख म्हणजे मुक्कामांची माळ. इथून तिथे इतके कोस, मधे अमुक नदी, अमुक ठिकाणी जकात. लमाण तांड्यांचे बैल मीठ आणि धान्य घेऊन याच डोंगरातून वरखाली करत होते आणि त्यांना कागदाची गरज नव्हती. त्यांची वाट उताराला, पाण्याला आणि चाऱ्याला धरून असे. पुढे सरकारी सडका ज्या खिंडीतून गेल्या त्यांतल्या कितीतरी वाटा आधी बैलांनी मळलेल्या होत्या, असे मला ठामपणे वाटते. इंजिनिअर त्याला पाहणी म्हणतात.

पेशवेकाळात आपल्याकडे नकाशे काढले जात नव्हते, असा एक समज आहे, तो चुकीचा. मराठी नकाशे आहेत. त्यांत नद्या रंगवलेल्या असतात, किल्ले समोरून पाहिल्यासारखे उभे काढलेले असतात, गावांची नावे मोडीत असतात आणि माप सगळीकडे सारखे नसते. ज्या भागाशी काम तो भाग मोठा, बाकीचा आखडून. सुसान गोल यांनी १९८९ मध्ये भारतीय नकाशांवर जे पुस्तक काढले त्यानंतर या नकाशांकडे पाहण्याची नजर बदलली. त्याआधी त्यांना ‘चित्र’ म्हणून बाजूला सारण्याची रीत होती.

इंग्रजांचा या मुलखाशी मोजणीचा संबंध आला तो निजामाच्या मदतीला ठेवलेल्या फौजेमुळे. कॉलिन मॅकेन्झी १७९२ पासून निजामाच्या मुलखात मोजणी करत फिरला. त्या काळची पद्धत वाटमोजणीची. लाकडी चाक ढकलत न्यायचे, फेरे मोजायचे, होकायंत्राने वळणाची दिशा टिपायची. रस्ता बिनचूक येई, रस्त्यापासून दोन कोसांवरचे मात्र ऐकीव. डोंगरात तर चाकाचे गणित हटकून चुकते, कारण चढावर चाक जास्त फिरते आणि नकाशाला हवे असते आडवे अंतर. घाटाचे सगळे जुने नकाशे प्रत्यक्षापेक्षा लांब का दिसतात याचे निम्मे उत्तर इथे आहे.

आता जो भाग येतो तो या कोपऱ्याचा खरा मान आहे आणि आमच्याकडच्या शंभरांतल्या नव्वदांना तो ठाऊक नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. दक्षिणेकडून उत्तरेकडे, ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास, त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो वर सरकत गेला. यालाच पुढे महाचाप म्हणू लागले. १८१५ मध्ये बीदरजवळ दामरगिद्द्याच्या परिसरात नवी आधाररेषा मोजली गेली. १८२२ मध्ये पुढची, वऱ्हाडात टाकरखेड्याला. या दोन्हींच्या मधे काय आहे ते नकाशा उघडून पाहा. मांजरा, गोदावरी, निर्मळचा डोंगर, पैनगंगा. धर्माबादचे रेखांश ७७ अंश ५० मिनिटे. म्हणजे पृथ्वीचा आकार ठरवण्यासाठी मोजलेली ती जगप्रसिद्ध साखळी आमच्या मिरचीच्या मोंढ्याजवळून गेली आहे.

काम कसे चाले तेही सांगायला हवे. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांना उंच जागा लागते आणि एका जागेवरून दुसरी दिसावी लागते. म्हणून टेकडीचा माथा शोधायचा, त्यावरची झाडे तोडायची, झेंडी उभारायची आणि कोन मोजायची सुमारे अर्ध्या टनाची दुर्बीण माणसांच्या खांद्यावर वर चढवायची. वर गेल्यावर धुके असेल, तर दिवसेंदिवस बसून राहायचे. कोन मोजायला सगळ्यांत चांगली हवा पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग मिळते, कारण तेव्हा धूळ बसलेली असते. नेमका तोच तापाचा हंगाम. जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ मध्ये लॅम्बटनचा मदतनीस म्हणून आला. दुसऱ्याच वर्षी कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात त्याचा सगळा तळ तापाने आडवा झाला आणि हैदराबादहून वाहने पाठवून माणसांना परत आणावे लागले. एव्हरेस्ट हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेला. लॅम्बटन म्हातारा झाला होता, पण हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. त्याच्या चमूतला डॉक्टर हेन्री व्हॉयसी याने या प्रवासात हैदराबाद मुलखातल्या खडकांची टिपणे केली. भारतीय भूशास्त्राच्या आरंभीच्या नावांत त्याचे नाव घेतले जाते. तोही १८२४ मध्ये कलकत्त्याच्या वाटेवर गेला.

एव्हरेस्टने १८३० मध्ये लंडनला पुस्तक छापले. १८ अंश ३ मिनिटे आणि २४ अंश ७ मिनिटे या दोन अक्षांशांमधल्या चापाच्या मोजणीची ती हकिगत. त्यातले खालचे टोक दामरगिद्दा, वरचे माळव्यातले कल्याणपूर. याच आकड्यांवरून त्याने पृथ्वीच्या घाटाचे, म्हणजे आकाराचे, जे गणित मांडले ते ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावाने दीडशे वर्षांहून जास्त काळ भारताच्या प्रत्येक टोपोशिटेचा पाया राहिले. हिमालयातल्या शिखराला त्याचे नाव दिल्याची गोष्ट सगळे सांगतात. ज्या मुलखाच्या मोजणीतून तो एव्हरेस्ट घडला, त्या मुलखातल्या पाठ्यपुस्तकात याची एक ओळ असायला हरकत नव्हती.

महाचाप म्हणजे सांगाडा. त्यावर मांस भरायचे काम तपशिलाच्या मोजणीने झाले. निजामाच्या मुलखात ते काम जेम्स गार्लिंगने १८१६ मध्ये सुरू केले. त्याआधी त्याने गोव्याची मोजणी केली होती. १८२० मध्ये तो वारला आणि काम दुसऱ्यांच्या हाती गेले. या मोजण्यांवरून पुढे ‘ॲटलास ऑफ इंडिया’च्या पाव इंची शिटा लंडनला कोरून छापल्या गेल्या, १८२७ पासून त्या बाहेर पडू लागल्या. त्यांत डोंगर समोच्चरेषांनी दाखवलेला नाही. उताराच्या दिशेने काढलेल्या बारीक केसाळ रेघांनी दाखवला आहे. उतार जितका खडा तितक्या रेघा दाट. दिसायला हे नकाशे फार देखणे. पण देखणेपणावर जाऊ नका. घाटाच्या सडकेजवळच्या रेघा निरखून ओढलेल्या आहेत आणि सडकेपासून दूर गेलात की त्याच रेघा सवयीने भरलेल्या आहेत. भिंगाखाली धरले की कोरणाऱ्याचा हात कुठे पाहणीवर चालला आणि कुठे अंदाजावर, ते ओळखू येते. पुस्तकात एका पानावर अशी एक चौकोनी चिंधी मोठी करून दिली आहे, तिच्यावर वेळ घालवा.

या शिटांबाबत एक खबरदारी. त्या काळी रेखांशाची सारी मोजदाद मद्रासच्या वेधशाळेवरून होई आणि मद्रासचे धरलेले रेखांशच सुमारे २ मिनिटे २७ सेकंदांनी जास्त होते. आमच्या अक्षांशावर याचे अंतर भरते साधारण सव्वाचार किलोमीटर. जुनी शीट नव्या नकाशावर ठेवली की सगळी गावे, सगळे नाले, आख्खी गोदावरी पूर्वेला सरकलेली दिसते. नवशिका अभ्यासक मग नदीने पात्र बदलल्याचा शोध लावतो. असे शोध छापूनही आलेले आहेत.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पैनगंगा ही सरहद्द झाली. उत्तर काठावर इंग्रजी मोजणी, दक्षिण काठावर निजामाची. एकाच खोऱ्याचे दोन काठ दोन वेगळ्या कचेऱ्यांच्या कागदांवर आले. सहस्रकुंडाचा धबधबा तर थेट सरहद्दीवरचा. त्या वर्षांचे नकाशे जोडून पाहताना उत्तरेकडची वाट नदीकाठी येऊन थांबते आणि दक्षिणेकडच्या कागदावर ती सुरूच होत नाही. माणसे अर्थातच नदी ओलांडत होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने मोजणीच्या कामाची चौकशी समिती नेमली आणि १९०५ पासून रंगीत इंची शिटांचा नवा सिलसिला सुरू झाला. समोच्चरेषा तपकिरी, पाणी निळे, जंगल हिरवे, सडका तांबड्या. आज जुनी टोपोशीट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येते ती ही. याच्या थोडे आधी, १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे आली. तिने डोंगर टाळला आणि बासरजवळ गोदावरी ओलांडली. धर्माबादची पेठ त्या रुळांनी मोठी केली. घाटातली सडक हैदराबाद-नागपूर वाहतुकीसाठी राहिलीच; सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे नाव मिरवणारा महबूब घाट तिच्यावरचाच. पण गावोगावच्या मधल्या वाटा मात्र नकाशावर तुटक रेघांच्या झाल्या आणि पुढच्या आवृत्तीत त्यांतल्या काही गळाल्या.

रंगीत शिटांवर आणखी एक रेघ ठळक होत गेली, ती राखीव जंगलाची. गोंड, कोलाम, आंध यांची वस्ती असलेल्या डोंगरावर ती रेघ कशी उतरली आणि तिने काय केले, हे १९४० मधल्या जोडेघाटच्या प्रकरणाने सगळ्यांना कळले. गोंड पुढारी कुमरम भीम जंगल-जमीन-पाण्याच्या हक्कासाठी लढत तिथे मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करायला बोलावले. आपल्याकडचे सेतुमाधवराव पगडी, निलंग्याचे, हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्या भाषांवर लिहून गेले. नकाशावर जिथे नुसते ‘मिश्र जंगल’ असे छापलेले असते, तिथे किती गावे, किती देवस्थाने आणि किती नावे होती हे ज्यांना वाचायचे असेल त्यांनी शिटेबरोबर पगडी वाचावेत.

मग आले १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात आमच्या भागाविषयीचे कलम तालुक्यावर थांबत नाही, सर्कलपर्यंत खाली उतरते. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले आंध्राकडे गेली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल तिकडे गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आले. मुधोळ तालुक्यातून इकडे उरला तो धर्माबादचा भाग. म्हणजे तालुक्याचे ठाणे तिकडे, पेठ इकडे. भाषा पाहून रेघ मारली असे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण पाणलोट पाहून मारली नाही, हेही तितकेच खरे. त्या वर्षाच्या अलीकडची आणि पलीकडची शीट शेजारी ठेवा. जमीन तीच आहे, नद्या त्याच आहेत, फक्त तुटक-ठिपक्यांची एक नवी ओळ नाल्यानाल्यांवरून उड्या मारत गेली आहे.

अशा नकाशांचा अभ्यास कसा करावा याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि ते बरेच आहे. जुनी पठडी मोजणीखात्यातल्या माणसांची. मार्कहॅमचा १८७१ चा ग्रंथ किंवा कर्नल फिलिमोर यांनी १९४५ पासून काढलेले मोजणीखात्याच्या इतिहासाचे जाडजूड खंड, यांत कोण अधिकारी कुठे गेला, कोणते यंत्र होते, किती चौरस मैल झाले याचा काटेकोर हिशेब आहे. भक्तिभावही आहे, पण फिलिमोरवाचून कुणाचे पान हलत नाही. दुसरी पठडी १९८० नंतरची. हार्ली यांनी नकाशा हा सत्तेचा दस्तऐवज आहे असे मांडले आणि मॅथ्यू एडनी यांनी १९९७ च्या ग्रंथात भारताच्या मोजणीला तेच लावून दाखवले. मोजण्याच्या नावाखाली राज्याने स्वतःसाठी एक ‘भारत’ तयार केला, असे त्यांचे म्हणणे. ते वाचल्यावर नकाशाकडे भाबडेपणाने पाहता येत नाही. मात्र या पठडीतले काही लिखाण वाचताना वाटते, की लेखकाने नकाशा पाहिलाच नाही, त्याच्याविषयीचे पत्रव्यवहार तेवढे पाहिले. तिसरे लोक कामकरी आहेत. पाणलोटवाले, वनखात्यातले, डोंगर भटकणारे, संगणकावर जुन्या शिटा नव्या उपग्रहचित्रांवर बसवणारे. त्यांना सत्तेची चर्चा नको असते, विहीर कुठे होती ते हवे असते.

जगातही घाटांचे नकाशे असेच जन्मले आहेत. स्कॉटलंडच्या डोंगरात १७४५ चे बंड झाले आणि १७४७ मध्ये विल्यम रॉयला तो डोंगर मोजायला पाठवले. ब्रिटनच्या मोजणीखात्याची मुळे त्या कामात सापडतात. आमच्याकडेही फौज आधी, चाक नंतर, दुर्बीण त्यानंतर. १८५७ नंतर रामजी गोंडांचे बंड निर्मळच्या आसपास झाले तेव्हा हा डोंगर पुन्हा एकदा सरकारच्या डोळ्यांत आला. घाटाचा नकाशा घाटात राहणारा काढत नाही. ज्याला घाट ओलांडून पलीकडे पोचायचे असते तो काढतो. म्हणून सडकेवर तपशील आणि सडकेबाहेर शांतता. या संग्रहातल्या दोनशे वर्षांच्या कागदांवर मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. म्हणूनच एकच नकाशा घेऊन त्यावर विसंबणे धोक्याचे वाटते. एकाची गरज जिथे संपली तिथे दुसऱ्याची सुरू झालेली असते, आणि त्या दोन कागदांच्या मधल्या फटीत गाव सापडते.

अशा संग्रहाची गरज आत्ताच का, असे विचारणारे भेटतील. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम पुढचे. दाव्याचा पुरावा म्हणून जुने सरकारी नकाशे चालतात. किनवट-माहूरकडच्या एखाद्या पाड्याला आपली वहिवाट दाखवायची तर जुन्या शिटेवरची एक तुटक पायवाट आणि घरांच्या खुणेचे चार चौकोन मोलाचे ठरतात. गोदावरीवर पोचमपाडचे धरण झाले, १९६३ मध्ये त्याची कोनशिला बसली. त्या जलाशयाखाली गेलेला गाळपेरा आता फक्त जुन्या शिटांवर कोरडा आहे. गोदावरीवरच्याच बाभळी बंधाऱ्याचा महाराष्ट्र-आंध्र वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधाऱ्याला २.७४ टीएमसीची मर्यादा आली, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवण्याची अट आली. पात्र, फुगवटा, तळपातळी यांचीच ती भांडणे. आणि टिपेश्वरचे वाघ कवलच्या जंगलाकडे जातात ते याच डोंगरातून. त्यांची वाट शोधणाऱ्यांना जुन्या जंगलाची सलगता कुठे तुटली हे पाहायला नव्वद वर्षांपूर्वीचे हिरवे ठसे लागतात.

नकाशे मिळण्याची अडचण आता पूर्वीसारखी नाही. २००५ च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका आली, २०२१ मध्ये बंधने आणखी सैल झाली. नव्या मालिकेत एव्हरेस्टच्या पृथ्वीऐवजी जगभर चालणारी पृथ्वी धरली आहे आणि शिटांचे क्रमांकही बदलले. गंमत म्हणजे नव्या आखणीतही ७८ वे रेखावृत्त हीच दोन पट्ट्यांची हद्द आहे. धर्माबाद ४३ मध्ये, निर्मळ ४४ मध्ये. कातर जिथली तिथेच.

संपादकांनी हे नकाशे काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत, याबद्दल काही जण नाराज होतील. त्यांनी वाटेच्या क्रमाने लावले आहेत. गोदावरीच्या उतारापासून सुरुवात करून भैंसा, निर्मळ, घाटमाथा, बोथ, किनवट, माहूर असे वर जायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर त्या जागेचे सगळे कागद एकाखाली एक. मला हा निर्णय पटला. इतिहासाचा विद्यार्थी पाने उलटसुलट करून आपला क्रम लावून घेईल. गावातल्या माणसाला मात्र आपली जागा एका ठिकाणी मिळेल. खुणांचा तक्ता सोप्या मराठीत दिला आहे आणि रेखांशाची दुरुस्ती प्रत्येक जुन्या शिटेखाली छापली आहे. उणिवाही आहेत. निजामी मोजणीचे फार्सी-उर्दू कागद पुस्तकात कमी आले आहेत आणि तेलुगू बाजूच्या अभ्यासकांचा हात अजून लागायला हवा होता. घाटाच्या पलीकडे उतरणाऱ्यांची बाजू निम्म्यानेच ऐकू येते. दुसऱ्या आवृत्तीत ती भरून निघावी. हे भटकंतीचे पुस्तक नव्हे, तेव्हा त्यावर विसंबून कुणी डोंगरात शिरू नये. जुन्या शिटेवरची विहीर आज बुजलेली असू शकते.

वाचकांना एक विनंती. धर्माबाद, बिलोली, मुधोळ, भैंसा, किनवट भागात अनेक जुन्या घरांत मोजणीची टिपणे, फाळणी नकाशे, निजामी काळातले वसुलाचे कागद, क्वचित एखादी कापडावर चिकटवलेली इंची शीट ट्रंकेत पडून आहे. घर पाडताना हे कागद रद्दीत जातात. द्यायचे नसतील तर देऊ नका, विकू तर नकाच. पण उजेडात पसरून चारही कोपरे येतील असा फोटो काढा, मागची बाजूही घ्या, कारण तारीख आणि शिक्का बहुधा मागे असतो, आणि प्रकाशकांकडे पाठवा. कागदावर पाणी पडले असेल, वाळवीने अर्धा खाल्ला असेल, तरी चालेल.